माझे बॅक्टेरिया आणि सासऱ्यांचा पंप

३ जून, सकाळी
बॅक्टेरियांत नवा जीन घातला. आता ते कागद कारखान्याचं सांडपाणी पिणार, अल्कोहोल देणार, त्यावर जगाच्या गाड्या धावणार. सासऱ्यांचा पेट्रोल पंप बसणार. बिचारे! सोमवारपासून व्यायाम.

७ जून
अल्कोहोल शून्य. नवी जागा आहे, रुळायला वेळ लागतोच. मलाही सासरी लागला होता. व्यायामाचीही उगाच घाई नको.

१२ जून
साहेब म्हणाले, महिनाअखेरीला कारखान्याचे मालक बघायला येणार. अल्कोहोल दिसलं नाही तर लॅबला टाळं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बाबा पंपावर माणूस शोधतायत, पण मला परत माहेरी राहायला जायचं नाही, काहीतरी कर. म्हटलं, तुझे बाबाच माझ्याकडे अर्ज करतील. हसली नाही.

१५ जून
टाकीत बुरशी! साहेबांनी चारचौघांत झापलं. ठराव: यापुढे नमुना काढण्याआधी टाकीचा नळ स्पिरिटने पुसायचा. स्वच्छतेत आपण कुणाला हार जाणार नाही.

१६ जून
अल्कोहोल आलं!!! पहिल्याच नमुन्यात. बुरशीच्या धक्क्याने पोरं सुधारली.

२० जून
आज नळ तीनदा पुसला. अल्कोहोल तिप्पट! बॅक्टेरियांना स्वच्छता मानवते, हा माझा स्वतंत्र शोध. साहेबांना यातलं काही सांगायचं नाही, श्रेय लाटतील.

२४ जून
सासऱ्यांना फोन केला. पंप वेळेत विकून टाका म्हटलं, आपुलकीपोटी. ते म्हणाले, मुलीला फोन द्या.

२९ जून
मालक आले. ऐन वेळी स्पिरिट संपलं. (पाच वेळा पुसायची तालीम मीच केली होती.) नळ उकळलेल्या पाण्याने पुसला. अल्कोहोल शून्य. म्हटलं, परक्या माणसांपुढे बुजलेत. साहेबांनी विचारलं, रोज नळ कशाने पुसतोस? अभिमानाने सांगितलं. साहेबांनी स्पिरिटची रिकामी बाटली उचलून हुंगली. म्हणाले, अरे गाढवा, म्हणजे इतके दिवस आपण तुझ्या स्पिरिटमधलं अल्कोहोल मोजत होतो! मालक रुमालात हसत होते. साहेबांचं ते एक मत झालं.

८ जुलै, पंपावर
काम तात्पुरतं आहे. बायको माहेरच्या जुन्या खोलीत सामान लावतेय, माझ्याशी बोलत नाही. वाईट वाटतं. सासऱ्यांनी खाकी शर्ट दिला आणि काम शिकवलं: पेट्रोल सोडण्याआधी गिऱ्हाइकाला मीटरवरचं शून्य दाखवायचं. म्हणाले, जावईबापू, तुम्हाला सवय आहेच.