पडद्यामागचे दोन अ‍ॅम्प्लिफायर

दि. ४ जानेवारी, रविवार
माझे नाव संपत किसन मेश्राम. वय वर्षे ७६. शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण. पूर्वी हिंगण्याच्या कारखान्यात मोटार वाइंडिंगचे काम, सध्या निवृत्त. राहणार नागपूर. पोलीस ठाण्याने मला अनेक वेळा पंच म्हणून बोलावले आहे. स्वतः पाहिल्याशिवाय मी एकाही पंचनाम्यावर सही केलेली नाही. हेही त्याच रीतीने लिहीत आहे.

आज नात प्रज्ञा हिने गिटारचा नवा अ‍ॅम्प्लिफायर घरी आणला. जुना तिच्या वडिलांचा. माझा मुलगा हल्ली चंद्रपूरला नोकरीस असतो, अ‍ॅम्प्लिफायर इथेच राहिला. दोन्ही एकाच कंपनीचे. तोंडवळा तोच, बटणे जवळपास तीच. जुन्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला तेव्हा तो मी स्वतः गुंडाळला. तांब्याचा प्रत्येक वेढा माझ्या बोटांखालून गेलेला आहे.

बैठकीत दोन्ही मावत नाहीत. सदर बाजारातला एक दुकानदार जुना विकत नेण्यास तयार आहे म्हणे. जेवणात लक्ष लागले नाही.

दि. ६ जानेवारी, मंगळवार
प्रज्ञा बुटीबोरीच्या नोकरीवरून कंपनीच्या बसने परतल्यावर तिने दोन्ही वाजवून दाखवले. गेन नावाचे बटण आहे. ते पूर्ण फिरवले की आवाज इतका वाढतो की फाटतो. या वाजवण्यात तो फाटलाच पाहिजे, असे तिचे म्हणणे. शेजारचे डोमाजी ऐकायला आले होते. म्हणाले, "फाडायचाच हाये तं नवा कायले आणला वं पोरी? जुन्यानं काय कमी फाडला?"

माझे निरीक्षण. जुन्याचा जाड सूर घट्ट, बारीक सूर करकरीत. नव्याचा जाड सूर फुगीर, बारीक सूर घासूनपुसून गुळगुळीत केल्यासारखा. मुख्य फरक सूर थांबल्यावर कळतो. तारांवर तळहात ठेवला की जुना हलकेच स्स्स करीत राहतो. मी त्याला जुन्याचा श्वास म्हणतो. नवा तिथल्या तिथे गप्प होतो, त्यात तशी सोय केलेली आहे.

प्रज्ञा म्हणाली, "आबाजी, तो श्वास नाही, तो गोंगाट आहे. तोच तं काढला त्यांनी."

काढला. कोणाला विचारून?

दि. ९ जानेवारी, शुक्रवार
दूधवाला तीनदा हाक मारून गेला, असे माझी पत्नी सौ. शांता हिने सांगितले. मी दाराशीच बसलो होतो. तिने पुन्हा कानाच्या यंत्राचा विषय काढला. मी उठून अंगणात गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. "अजी, एका जागी बसा ना," ती म्हणाली.

जेवताना मी जाहीर केले की मध्ये पडदा बांधा, मी भिंतीकडे तोंड करून बसतो. जुना कोणता, हे ओळखले तर तो घरात राहील आणि १८ तारखेला सदरला प्रज्ञाचा गिटारचा कार्यक्रम आहे, त्यात ती तोच वाजवेल. न ओळखल्यास दुकानदाराने न्यावा, मी एक शब्द काढणार नाही.
डोमाजी हसले. "दूधवाल्याले वळखत नाही अन् डब्बा वळखतो म्हनते!"
प्रज्ञा हसली नाही. ताटात पाहत राहिली.

दि. ११ जानेवारी, रविवार
परीक्षा झाली. दोरीवर चादर टाकून पडदा केला. शांता व डोमाजी हजर होते.

पहिल्यांदा वाजले. सूर थांबला. मी श्वासाची वाट पाहिली. काही नाही. दुसऱ्यांदा वाजले. थांबले. तरीही काही नाही. दोन्हींत श्वास नसणे शक्य नव्हते. म्हणजे कान गेले. सूर थोडा निराळा भासला, तेवढ्याच आधारावर मी म्हणालो, "दुसरा जुना."

"बरोब्बर, आबाजी!" पडद्यामागून प्रज्ञा म्हणाली. डोमाजींनी पाठीवर थाप मारली. शांता चहा करायला उठली.

पडदा सोडायला मी पलीकडे गेलो. जुन्याच्या वरच्या जाळीवर हात टेकला. दोन्हींत व्हॉल्व्ह, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्या आहेत; असे यंत्र वाजले की जाळी बराच वेळ गरम राहते.
जाळी गार होती.
नव्याची गरम.

चहा प्यालो. साखर होती की नाही, आठवत नाही.

दि. १२ जानेवारी, सोमवार
म्हणजे दोन्ही वेळा नवाच वाजला, बटणे फिरवून. श्वास नव्हताच, म्हणून ऐकू आला नाही. माझे कान खरे ठरले, असे सकाळी वाटले.
दुपारी वाटले, बहिऱ्यालाही तो ऐकू आला नसता.

घरात कोणी नसताना जुना लावून पाहिला. श्वास आला. पण जुना चालू आहे हे ठाऊक असताना ऐकलेले कोणत्या पंचनाम्यात धरतात? बंद केला. पुन्हा लावला.

डोमाजी रस्त्यावर भेटेल त्याला सांगत आहेत, "आमच्या संपतरावाचे कान म्हंजे रेडिओ गा!" मला कोपऱ्यापर्यंतही जाववत नाही.

दि. १४ जानेवारी, बुधवार
प्रज्ञा बसमधून उतरली. घरी येईपर्यंत मी तिच्यासोबत चाललो.
"रविवारी जुना गार होता."
ती थांबली. चपलेचा पट्टा उगाच सारखा केला. म्हणाली, "तुम्ही हरले असते तं मले पाहवलं नसतं, आबाजी."
"मग कार्यक्रमाचे काय?"
"नेला असता ना जुना. तुमच्यासाठी वाजवून घेतलं असतं."

तूच म्हणतेस तो गोंगाट, तो माझ्यासाठी सोसणार होतीस, असे विचारायचे होते. मी घरातही पुस्तकी बोलतो अशी शांताची तक्रार आहे. त्या वेळी मात्र तोंडातून निघाले, "मले ऐकू तं द्यायचं होतं वं, पोरी."

फाटकाशी ती म्हणाली, "पुन्हा करायचं का? खरं खरं?"
मी हो म्हणालो. अट तीच राहील, हेही सांगितले. न ओळखल्यास दुकानदार नेईल.
"नक्की ना?"
नक्की म्हणालो. तेव्हापासून पाण्याचे किती पेले प्यालो, शांताला ठाऊक.

दि. १७ जानेवारी, शनिवार
उद्या सदरचा कार्यक्रम. आज चादर पुन्हा बांधली आहे. डोमाजी विचारतात, "जिंकल्यावर दुसऱ्यांदा काहून? हौस हाये का?" शांताने पाण्याचा तांब्या तेवढा जवळ आणून ठेवला.

सुरुवातीपूर्वी दोन्ही जाळ्यांवर हात ठेवून पाहिला. जुनी गरम. नवीही गरम. प्रज्ञाने माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली. ती गिटारच्या तारा जुळवीत आहे. खुर्ची भिंतीकडे फिरवली आहे. रोजनिशी मांडीवर आहे.

हजर इसम: सौ. शांता संपत मेश्राम, पत्नी. श्री. डोमाजी, शेजारी. कु. प्रज्ञा, नात, पडद्यापलीकडे.

सहीची जागा खाली मोकळी सोडली आहे.