गोल केला त्याचं पाणी

मास्तर, आज कारंज्याला कापसाच्या जिनिंगच्या मागच्या मैदानावर आमच्या गड्यांनी मोटर सर्व्हिसवाल्यांना दोन गोलांनी हरवलं. खेळ संपला आणि दुसरा गोल केलेला बॉयलरवरचा गडी बादली उचलून विहिरीकडं गेला. मोटरवाले हसायला लागले. "काहून रे, जिंकून तूच पाणी भरून राह्यला?" तो म्हणाला, "हाओ. आमच्यात तसंच असते." आमच्यात म्हणाला, मास्तर. त्यानं तुम्हाला पाहिलेलं नाही, तुमचं नावही ऐकलेलं नाही, कारण मी कुठंही गेलो तरी तुम्हाला नुसतं 'मास्तर' म्हणतो. ते ऐकलं आणि वाटलं, हे तुम्हाला कळवलं पाहिजे. मग मुनीमजीकडून कागद आणि टाक मागून आणला. इथं दौतीतसुद्धा रुईचे तंतू पडतात, टाकाला अडकतात आणि अक्षराला शेपूट फुटतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, तुह्या अक्षराले आधीपासूनच शेपूट होतं.

तुम्हाला जाऊन दहा वर्षं होऊन गेली. मला ते कळलं पंधरा दिवसांनी, हिंगोलीच्या बाजारात, फिरत्या सिनेमाच्या तंबूचे खुंटे ठोकताना. अमरावतीहून आलेल्या एका मोटार ड्रायव्हरनं सांगितलं, की कॉलेजातले फुटबॉलचे मास्तर मुदतीच्या तापानं गेले, आणि त्या संध्याकाळी गावातली पोरं मैदानावर येऊन नुसती उभी राहिली, चेंडूला कोणी पाय लावला नाही. तो हे एखाद्या अनोळखी माणसाला सांगावं तसं मला सांगत होता. मी खुंटा ठोकत राहिलो. तो इतका खोल गेला की दुसऱ्या दिवशी निघेना.

तुम्ही मला पहिल्यांदा धरलंत ते वाशीमला, शाळेच्या मागच्या गल्लीत. तेव्हा तुम्ही कॉलेजचे नव्हता, आमच्या शाळेचे ड्रिल मास्तर होता. खाकी हाफपँट, डोक्याला पांढरा रुमाल. मी निघालो होतो शाळेतच, पण वाटेत एक बहुरूपी दिसला, पोलीस जमादाराचं सोंग घेतलेला, आणि लागलो त्याच्या मागं. तुम्ही सायकलवरून आलात. मला वाटलं, आता कानफटात बसते. तुम्ही विचारलंत, "किती वेळ झाला त्याच्या मांगं चालून राह्यला?" मी म्हटलं, "सकाळपासून." "पाय दुखले?" "नाई, मास्तर." "मंग संध्याकाळी मैदानावर ये. तुह्या डोस्क्याचं मले काई करता येत नाई, पण पाय कामाचे हायेत." माझ्याबद्दल कोणी काही चांगलं बोलल्याचं मला आठवतं, ते हे पहिलं.

खरा चेंडू एकच होता आणि तो फक्त सामन्याला निघायचा. एरवी चिंध्यांचा, सुतळीनं आवळलेला, कधीच न उसळणारा. आम्ही सगळे अनवाणी. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडायच्या, त्यात एकाचा पाय मुरगळला, तेव्हापासून तुम्ही रोज स्वतः टोपल्यानं माती आणून भेगा बुजवायला लागलात. त्या चिंध्यांच्या चेंडूवर तयार झालेली वाशीमची पोरं अकोल्याच्या बूटवाल्या शाळांना हरवून आली, आणि मग अमरावतीच्या कॉलेजचं बोलावणं आलं. शाळेत कोणाचा विश्वास बसेना. तुम्ही बी. ए. नव्हता. घर बागाईतवाल्याचं, तुमची आई वांग्याची पाटी घेऊन बाजारात बसायची हे सगळ्या वाशीमला माहीत. आणि तुमच्या हाताखाली येणार वकिलांची, देशमुखांची पोरं! मीही तुमच्या मागोमाग आलो. दोनदा बुडून तिसऱ्यांदा मॅट्रिक झालो तेसुद्धा तुम्ही रोज पहाटे उठवून पुस्तकापुढं बसवलंत म्हणून. कॉलेजात माझं नाव होतं ते चेंडूपुरतं, हे प्रोफेसरांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

त्या पोरांनी पहिल्याच आठवड्यात तुम्हाला 'भाजीवाले' नाव ठेवलं. तुमच्या कानावर ते गेलं. तुम्ही रागावला नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत अख्खी टीम उचलून वाशीमला तुमच्या मळ्यात आणलीत. आठ दिवस चेंडू हाताला लागू दिला नाहीत. वर तुमचे वडील मोट हाकायचे आणि खाली आम्ही फावडी घेऊन वाफ्यांत पाणी वळवायचो. आमचा सेंटर, देशमुखाचा पोरगा, पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभा राहून म्हणाला, "मास्तर, हे फुटबॉल हाये का?"

"पाणी कुठं जाऊन राह्यलं, पाह्य."

"खाली."

"जो वाफा भरला त्यात जाते का?"

"नाई. कोरडा असंन तिकडं."

"मंग तू काहून सगळे उभे असतेत तिथंच चेंडू घुसवतं? बांध फोडाचा तं कोरड्या बाजूनं फोड, लेका."

आम्ही पोट धरून हसलो. तो मात्र हसला नाही; फावडं टेकून पाण्याकडं पाहत राहिला. त्या वर्षीपासून तो खरा सेंटर झाला. आणि त्याच मळ्यात तुमचा तो नियम सुरू झाला. आम्ही हातपाय धुऊन पाण्यावर तुटून पडणार, तोच तुम्ही अडवलंत. "वाफा भरला तं तुमाले सारे म्हणतीन, छान भरला. पण पाणी वरून कोणं धाडलं? पह्यले बुढ्याले पाजा." तेव्हापासून ठरलं: ज्यानं गोल केला त्यानं विहिरीचं पाणी ओढायचं, ज्यानं पास दिला त्याला पहिली ओंजळ, मग बाकीच्यांना, आणि स्वतः सर्वांत शेवटी. सेंटरची कंबर मोडायची. मी राइट आउटला, उजव्या कडेला. माझ्या पासवर तो गोल करायचा आणि मी ऐटीत ओंजळ धरून उभा. कधी मीच गोल केला तर बादली ओढताना कुरकुर करायचो, "काय मास्तर, गोलबी आमीच कराचा अन् पाणीबी आमीच भराचं." तुम्ही चेंडूची वादी आवळत बसायचात. ऐकूच आलं नाही असं.

आता जे लिहायचं ते लिहितो, नाहीतर पुन्हा दुसरीकडं जाईन. दुसऱ्या वर्षी संक्रांतीला मी घरी निघालो, तेव्हा तुमच्या घरी निरोप घ्यायला आलो होतो. कॉलेजमागच्या त्या दोन खोल्या. तुम्ही मैदानावर होता. काकू चुलीपुढं भाकरी थापत होत्या. त्यांनी मला पाट दिला, ताट दिलं आणि म्हणाल्या, "सामन्याले टायमावर वापस ये बरं बापू. यंदा कप नाई आला तं साहेबानं सांगून ठेवलं, पुढच्या सालापासून दुसरा मास्तर. मंग आमी वाशीमले."

मी म्हटलं, "वाईट काय काकू, मळा हाये तुमचा."

"मले काईच नाई रे. मी वांगे लावीन. पण ह्यायचं काय? हे झोपीत पाय हालवतेत." असं म्हणून त्यांनी माझ्या ताटात आणखी एक गरम भाकर टाकली, वर ठेचा, आणि मी ती खाल्ली. म्हणजे मला माहीत होतं, मास्तर. माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी गावाहून शेजाऱ्याच्या बैलबंडीत बसून निघालो. कारंज्याहून अरुंद रुळांची दुपारची लहान गाडी, मूर्तिजापूरला बदल, की पोचलो. वाटेत एका शिवारात शंकरपट भरला होता. बैलांच्या शर्यती तुम्हाला काय सांगायच्या. धूळ, आरोळ्या, रंगवलेली शिंगं. शेजारी म्हणाला, "पाह्यतं का?" मी म्हटलं, एक जोडी पाहू. एक पाहिली. मग पाच. जोडी सुटते आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत संपते, म्हणून माणसाला वाटतं आणखी एक पाहिली तर काय बिघडतं. लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली तेव्हा एक पांढरी जोडी सुटायची होती, त्या दिवसाची सगळ्यांत नावाजलेली. मी म्हटलं, हिला पाहून जातो. लहान गाडी काय, ती बैलाइतकीही पळत नाही, धावत गाठू. शेजारी आपली बंडी घेऊन निघून गेला. गाडी मी काही गाठली नाही.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि लोक मैदानावरून घराकडं वळत होते. फाटकाशी कॉलेजचा चपराशी भेटला. "कुठं मेला होता बे? जितलो आपन!" माझ्या जागेवर रिसोडचा तो लुकडा खेळला होता, ज्याला आम्ही 'पऱ्हाटी', म्हणजे कापसाची काडी, म्हणायचो. सालभर तुम्ही त्याला सरावात माझ्या मागं ठेवत होता आणि मी समजत होतो, बाहेर गेलेला चेंडू आणायला. पहिला गोल सेंटरनं केला, त्याच्या पासवर. दुसरा त्यानं स्वतः.

सगळे विहिरीवर होते. मला कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. काही सुचेना म्हणून मी बादलीला हात घातला. वाटलं, आज सगळ्यांना मी पाणी पाजतो, तेवढं तरी. तुम्ही समोर आलात.

"काय झालं?"

"बंडीचा आख मोडला, मास्तर."

तुम्ही माझ्या पायांकडं पाहिलंत, पुन्हा तोंडाकडं. "बादली ठेव."

"मास्तर, मी नुसतं..."

"ठेव म्हणलं ना. गोल केला त्याचं पाणी हाये ते."

बस. यापेक्षा जास्त तुम्ही तेव्हाही बोलला नाहीत आणि पुढंही नाही. पऱ्हाटीनं आणि सेंटरनं मिळून बादली ओढली. पऱ्हाटीनं सगळ्यांना पाजलं आणि माझ्यापाशी येऊन साधेपणानं विचारलं, "पेतं का?" मी नको म्हणालो. ज्या कामापायी मी इतके दिवस कुरकुरलो, ते त्या दिवशी पाया पडून मागितलं असतं तरी मला मिळालं नसतं.

तुमची नोकरी राहिली. माझ्यामुळं नाही, माझ्यावाचून राहिली. आणि मास्तर, हे मी अभिमानानं लिहितो, खरंच. एका माणसावाचून अडेल अशी टीम तुम्ही बांधलीच नव्हती. पुढं इतके कप आले की प्रिन्सिपल साहेबाच्या कपाटाचं दार लागेना. नागपूरकडच्या एका कॉलेजचा गोरा साहेब तुमचा सराव पाहायला आला आणि त्यानं कोणत्या पुस्तकातून शिकलात म्हणून विचारलं, तर तुम्ही त्याला वांग्याचा वाफा सांगितलात. ही गोष्ट मी तंबूत, धर्मशाळेत, बंडीत, जिथं बसलो तिथं सांगितली आहे. ऐकणारा झोपला तरी शेवटपर्यंत सांगितली आहे. पऱ्हाटी आता रिसोडला ड्रिल मास्तर आहे. त्याच्या शाळेच्या मैदानाला भेगा नाहीत, मी मुद्दाम जाऊन पाहून आलो. त्याला भेटलो मात्र नाही.

मी कॉलेज सोडून निघालो त्या दिवशी तुम्ही अडवलं नाहीत. चेंडूचं एक जुनं चामडं दिलंत, आतला ब्लॅडर फुटलेला. "फिरनं तं तुले हायेच. खाली हातानं कायले फिरतं?" तेच चामडं आजही आहे. सात गावच्या चांभारांचे टाके आहेत त्याला. ब्लॅडर नवा मिळेना, तर इथल्या गड्यांनी सायकलची ट्यूब कापून बसवली; चेंडू थोडा एका अंगाला झुकतो, पण उसळतो. आज बॉयलरवाल्या गड्यानं पाणी आणलं आणि पहिली ओंजळ माझ्यापुढं धरली. मी म्हटलं, "अबे, पास मी कुठं देल्ला?" तो म्हणाला, "चेंडू इकडं तुमीच तं आनला ना?" मी प्यालो, मास्तर. पुढच्या रविवारी पुन्हा सामना आहे. तोवर मी इथंच आहे, असं म्हणतो तरी.

हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून चेंडूच्या पिशवीत ठेवतो. आख मोडला नव्हता. ते तुम्हाला त्याच वेळी कळलं असणार. पण एक गोष्ट तुम्हालाही कळली नसेल. ती पांढरी जोडी सुटली तेव्हा मी पटाकडं पाहतच नव्हतो. तबकड्या वाजवायचा भोंग्याचा बाजा घेऊन एक माणूस आला होता, आणि मी त्याच्या मागं पार दुसऱ्या गावापर्यंत गेलो होतो. कोणती जोडी जिंकली, ते मला अजूनही माहीत नाही.