फिटच्या औषधाची बाटली लवकर का संपते

बाबा,

मला कामावरून यायला उशीर होईल, ठमीचं फिटचं औषध आजही तुम्हीच द्या. बाटली आधी नीट हलवा. गिऱ्हाइकाचं माप तुम्ही नुसत्या नजरेने घेता, ते इथे चालायचं नाही. बिनसुईच्या सिरिंजवर मी लाल रेघ मारली आहे, तेवढंच द्यायचं. उलटी झाली तर मनाने परत देऊ नका, आधी मला फोन करा.

आणि हो, कोडं सुटलं! बाटली दर वेळी लवकर तळाला जायची, म्हणून मी धास्तावले होते. पोरीला जास्त जातंय की काय? पण ती तर टुणटुणीत, आणि शिलाई मशीनवर डुलक्या घेताय तुम्ही! हे काय गौडबंगाल आहे, म्हणून काल ठमीलाच विचारलं. ती म्हणाली, "आधी आजोबा घेतात, मग मी. त्यांनाही फिट येते ना, माझ्यासारखी?"

बाबा, ते औषध तुम्ही घ्यायचं नाही. अगदी थेंबभरही नाही. तिच्या सोबतीला साखरपाणी घ्या. फक्त तोंड रोजच्याइतकंच वाकडं करा, ती बघत असते.