हत्ती माझा आहे

कोल्हापूर,
आषाढातला रविवार

तीर्थस्वरूप आत्यास इरावतीचा साष्टांग नमस्कार. गारगोटीला पाऊस कसा आहे, तुझे गुडघे काय म्हणतात, काकांचा खोकला गेला का, हे सगळं मनापासून विचारते आहे. (मागच्या पत्रात विचारायचं राहिलं होतं. त्याची टोचणी आठवडाभर होती.)

आधी एक दुरुस्ती. स्वप्नालीवहिनीने कोरलेला वाघ मांजरासारखा दिसतो, असं मी तुला लिहिलं होतं. ते खोटं आहे. वाघ वाघासारखाच दिसतो. मिशा तर इतक्या बारीक कोरल्यात की मी भिंग घेऊन पाहिलं, आणि पाहून झाल्यावर भिंगच पुसत बसले. हे फोनवर सांगितलं असतं, पण मी तुला फोन लावला की वहिनी पलीकडून ‘आत्यास्नी माझा नमस्कार सांगा की’ म्हणते, आणि मग माणसाला पुढचं काही बोलवत नाही.

आपल्या श्रावणाच्या कहाण्यांच्या चोपडीवर काय असतं हे तुला सांगायला नको, लहानपणी तूच त्यात रंग भरायचीस. पुढे वाघावर बृहस्पती, त्याच्यामागे हत्तीवर बुध, दोघेही उजवीकडे निघालेले. ठसे दोन, एकाला एक लावून छापायचे. यंदा दोन्ही जुने ठसे तडकले, नेमका माझा अंगठा कापला (विळीवर, कोरणीने नव्हे, कोरणीने मी कधीच कापून घेत नाही), म्हणून हत्ती कसाबसा मी कोरला आणि वाघ अप्पांनी वहिनीला दिला. तिचं माहेर कबनूरचं, घरात यंत्रमाग, साड्यांच्या काठांची नक्षी ती काढायची, तेव्हा हात चांगला आहे. पण आपल्याकडे मूळ चित्र आरशात बघून कोरायचं असतं, नाहीतर छापल्यावर उलटं येतं, हे तिला कुणी सांगितलंच नाही. (मी सांगायला हवं होतं का? मी शेजारीच बसले होते. पण मला विचारलं नव्हतं.) तिने समोर दिसलं तसं कोरलं. छापून आलं तर वाघ वळलेला! माझा हत्ती चाललाय उजवीकडे आणि तिचा वाघ त्याच्या तोंडासमोर उभा.

मला वाटलं, आता अप्पा गरजणार. मी अकरावीत असताना एका शेपटीपायी त्यांनी माझा ठसा बंबात घातला होता, हे तुला आठवत असेल. तर अप्पा कागद उचलून हसले गं. खो खो हसले. म्हणाले, “आयला, बोलत्यात की दोघं!” महाद्वार रोडला चोपड्या विकणाऱ्या शालूबाईही तेच म्हणाल्या, “वाघ कायतरी सांगाय लागलाय बघ बृहस्पतीला न विचारता. लई गोड.” कुणीतरी त्याचा फोटो टाकला, आणि आता पुण्याहूनसुद्धा मागणी येते आहे. सगळे वाघ वाघ करतात. आत्या, ऐकून घेणारा तो हत्ती माझा आहे. एकाने तरी विचारावं.

मला पाटीच्या आधी ठसा कोरायचा लिनोचा तुकडा मिळाला. इतकी वर्षं एक कान चुकवला नाही, आणि कौतुक झालं ते एका चुकीचं. आता जिवतीच्या मोठ्या कागदासाठी दोन्ही जनावरं वहिनीलाच द्यायची, असं अप्पा म्हणतात. हत्तीसुद्धा.

आणि काल वहिनीच माझ्याकडे आली. “वन्सं, मला ते आरशात बघून कोरायचं शिकवा की.” शिकवणं माझं कर्तव्य आहे. शिकवलं की तिचा वाघ पुन्हा सरळ चालू लागेल, हे माझ्या मनात आलं, हेही खरं. चांगलं काम वाईट मनाने केलं तर ते कशात धरतात, पुण्यात की पापात? काकांना विचारून कळव. तूर्त आजोबांचा लाकडी चौकटीचा आरसा तुझ्याकडे आहे, तो वहिनीसाठी पिराजीच्या गाडीने पाठव.

तुझी,
इरावती

ता. क. मीही काल गुपचूप आरशाशिवाय वाघ कोरून पाहिला. छापला तर उजवीकडेच निघालेला! हात आपोआप उलटं कोरतो. अप्पांच्या हाती लागला, तर म्हणाले, “ह्यो तर आपला नेहमीचाच.”

ता. ता. क. पाकीट चिकटवताना सुचलं, म्हणून फाडलं. आरशाशिवाय वहिनीने दोन्ही कोरली तर दोन्ही डावीकडे निघतील, पुन्हा एकामागे एक! कोण कुणाशी बोलणार? तिच्या वाघापुढे सरळ चालणारा हत्ती लागतोच, आणि तसा हत्ती या घरात मीच कोरते. तेव्हा आरसा अजिबात पाठवू नकोस. पिराजी मागायला आला तर फुटला म्हण. (नको, खोटं नको. सापडत नाही म्हण, आणि त्याआधी खरोखर कुठेतरी ठेवून विसर.) हत्ती माझ्याकडेच राहील, हे अप्पांना मी सांगणार आहे, आणि हत्तीचा लिनो घेऊन वहिनीच्या शेजारी नाही, समोर बसणार आहे. येत्या बुधवारी, जेवणं झाल्यावर. बुधवार हत्तीचाच.