चंदूभावजींच्या पानाची व्यवस्था

मी, श्रीमती रत्नप्रभा जयवंत तेरसे, वय एकाहत्तर, राहणार पारिजात सोसायटी, गव्हाणपाडा, मुलुंड पूर्व, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्या दडपणाखाली नव्हे तर घरात कोणी काही वेळेवर करत नाही याला कंटाळून, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या हृदयाची झडप नीट मिटत नाही. डोके ठिकाणावर आहे, असा आमच्या डॉक्टर नेत्रा शिरोडकर यांचा दाखला सोबत जोडला आहे.

वकीलसाहेबांनी एक मसुदा टाईप करून दिला होता. त्यातून त्यांनी प्लॅनरविषयीचा सगळा मजकूर काढून टाकला. "बाई, हे कोर्टात टिकणार नाही," म्हणाले. कोर्टात टिकवायचे आहे कोणाला? घरात टिकले तरी पुष्कळ झाले. म्हणून मी सगळे पुन्हा लिहायला बसले आहे आणि या वेळी काहीही गाळणार नाही.

१. माझे कुटुंब. माझे पती जयवंत हयात नाहीत. मुलगा निलेश, सून मानसी, दोघे याच घरात राहतात. मुलगी जान्हवी बोरीवलीला तिच्या घरी असते. चौथे माणूस म्हणजे माझे धाकटे दीर चंद्रकांत, म्हणजे चंदूभावजी. लहानपणी मेंदूत ताप गेला, तेव्हापासून त्यांना फिट येतात आणि वाचता येत नाही. बाकी त्यांना पुष्कळ काही येते, पण ते बघायला कोणाला वेळ आहे? हे मृत्युपत्र मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. बाकीच्यांनी आपापले कलम वाचून उठून जाऊ नये.

२. घर. गिरणी बंद पडल्यावर सासऱ्यांनी लालबागची खोली विकली. त्यात माझ्या पगाराची भर घालून आम्ही ही जागा घेतली. ती माझ्या नावावर आहे. माझ्यामागे चंदूभावजींना या घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील. त्यांची खिडकीजवळची खाट हलवायची नाही. इमारत पुन्हा बांधायला निघाली, तरी नव्या घरात खिडकी आधी त्यांची. त्यांच्यानंतर घर निलेश आणि जान्हवी यांचे, निम्मे निम्मे. बँकेत जे आहे त्यातून आधी भावजींचे औषधपाणी, मग उरेल त्याची वाटणी. माझ्या पाटल्या जान्हवीला. तिने त्या मोडून हल्लीच्या फॅशनचे काही करून घेतले तरी मी बघायला येणार नाही.

३. मंगल कार्यालय. मी एका मंगल कार्यालयात आयुष्यभर बुकिंग सांभाळले. इथे एक गोष्ट नमूद करते. बाजारात मिळणारा प्लॅनर बनवणाऱ्यांनी एकही लग्न लावलेले नसते. ते सोमवारला पानभर जागा देतात आणि शनिवार-रविवारला एक पान अर्धे अर्धे वाटून देतात. आमचे सगळे काम रविवारी. सकाळी साखरपुडा, संध्याकाळी स्वागत समारंभ, मध्ये खुर्च्या उलटून फरशी पुसायची. तेवढ्या चौकटीत काय मावणार, माझे कपाळ? म्हणून मी प्रत्येक रविवारला एक जादा कागद चिकटवून घेत असे. आमचे वर्षही जानेवारीत सुरू होत नाही, तुळशीच्या लग्नापासून होते. तेव्हा मी प्लॅनर मधून कापून, पाने फिरवून, झेरॉक्सच्या दुकानात स्प्रिंग घालून घ्यायची. मालक हसायचे, पण दोन लग्ने एका वेळी कधी आली नाहीत.

मग मालकांचे चिरंजीव मिहिर आले आणि त्यांनी माझी वही कपाटात टाकून संगणक आणला. पहिल्याच हंगामात एका रविवारी संध्याकाळी दोन नवरदेव घोड्यावरून दारात. दोन्ही वऱ्हाडांसमोर चिरंजीवांनी माझ्याकडे बोट दाखवले. मी तो अपमान विसरलेले नाही आणि आता विसरायला वेळही नाही. चि. मिहिर यांना मी माझ्या जुन्या प्लॅनरमधला एक कोरा अर्धा रविवार देते. तो त्यांना पाकिटातून पोचवावा. पोच घेण्याची गरज नाही.

४. भेट आलेले प्लॅनर. निलेश मला दर दिवाळीला एक प्लॅनर देतो. जाड पुठ्ठा, सोनेरी कडा, उशाशी घेऊन झोपावे इतका मऊ. आत पाणी किती प्यालो ते रंगवायला पेले, आज मन कसे आहे ते सांगायला हसरे-रडके चेहरे, आणि आभार कोणाचे मानायचे त्यासाठी पाऊण पान. काम लिहायला खाली चार ओळी. मुला, तू प्रेमाने देतोस हे मला कळते. पण हे प्लॅनर बाजारात न्यायला जड आहेत आणि पिशवीत भाजीखाली दबतात. ते सगळे कपाटात वरच्या फळीवर आहेत. त्यांची पाने फाडून वाणसामानाच्या चिठ्ठ्या कराव्यात. चांगला कागद आहे.

५. प्लॅनर कसा वापरावा. हे कलम मी कैक वेळा तोंडी सांगितले. ऐकणाऱ्यांनी मान डोलावली आणि मोबाईल बघितला. म्हणून आता लेखी.

प्लॅनर असा हवा की एका हाताने उघडेल. पेन्सिल दोरीने बांधलेली हवी, कारण या घरात पेन्सिल शोधण्यात सकाळ जाते. दुसऱ्याने कबूल केलेले पेन्सिलने लिहायचे, आपण करणार ते पेनाने. प्लंबर "उद्या येतो" म्हणाला, ते पेनाने लिहिणारा माणूस मूर्ख. नुसते "गॅस" असे लिहू नये. गॅसचे काय? "गॅसवाल्याला दुपारच्या आत फोन करणे," असे लिहावे. मोठे काम एका ओळीत लिहू नये. "भावजींचे आधार कार्ड" ही ओळ आमच्या घरात पावसाळाभर पानामागून पान फिरत राहिली. बोटांचे ठसे उमटत नव्हते आणि पुढे काय करायचे ते कोणालाच माहीत नव्हते. "केंद्रावर जाऊन ठसे उमटत नसतील तर काय करतात ते विचारणे," एवढे लिहिले आणि काम आठवड्यात झाले.

आणि मुख्य नियम. न झालेल्या कामापुढे मी "पुढे" असे लिहून ते दुसऱ्या दिवशी नेते. एका कामाला तीनदा "पुढे" मिळाले की चौथ्यांदा मिळत नाही. एकतर ते त्याच दिवशी करायचे, नाहीतर दुसऱ्याला सोपवायचे, नाहीतर सरळ काट मारून आपण ते करणार नाही हे मान्य करायचे. आमच्या निलेशची अर्धी कामे पुढे गेली आहेत आणि उरलेली "बघू" मध्ये आहेत.

६. चंदूभावजींचे पान. माझ्या प्लॅनरमध्ये रोज डावे पान भावजींचे असते. त्यावर अक्षरे नसतात. गोळीचे चित्र, चहाचा कप, नळ, खाली जाऊन पेपर आणायचा तर पेपराची गुंडाळी. प्रत्येक चित्रापुढे एक चौकोन. काम झाले की ते लाल पेन्सिलीने चौकोनात खूण करतात. माझे चित्र म्हणजे चष्मा. मी बाहेर जाणार असेन तर चष्म्यापासून दाराकडे एक बाण काढते आणि दाराकडून घराकडे एक परतीचा बाण. परतीचा बाण दिसला की ते निवांत असतात. रोज सकाळी तोंड धुऊन येतात आणि विचारतात, "वयनी, आज काय आसा?" मी पान दाखवते. दिवस सुरू होतो.

हे पान का सुरू झाले तेही लिहिते. माझ्या सासूबाई कुडाळकडे गावी वारल्या. भावजी तेव्हा इथे मुलुंडला होते. जयवंत आणि मोठे दीर दिवसकार्य उरकून परत आले आणि भावजींना म्हणाले, आई गावाक ऱ्हवली. योग्य वेळ बघून सांगू, असे दोघांचे ठरले आणि मला गप्प राहायला बजावले. ती योग्य वेळ काही येईना. भावजी पिशवी भरून दाराशी बसायचे, आई येईल म्हणून. मग आमच्याच कार्यालयात एका लग्नाला आलेल्या नातेवाईक बाई भावजींच्या गालावरून हात फिरवून बोलून गेल्या, की बिचारीचे वर्षश्राद्धही झाले. भावजी सरळ जयवंतांपुढे येऊन उभे राहिले.

"दादा, तुका म्हायत होता?"

त्यानंतर भावजी कोणाच्या तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवीनात. औषध द्यायला गेले तरी हात मागे घ्यायचे. शेवटी मी एक पान काढले, त्यावर गोळी काढली आणि त्यांच्यासमोर चौकोन आखला. त्यांनी बराच वेळ बघितले.

"पानार आसा? मगे खरा," म्हणाले आणि गोळी घेतली. जयवंतांवर माझे प्रेम होते, पण या एका गोष्टीसाठी मी त्यांना कधी माफ केले नाही.

७. गेल्या गणपतीत काय झाले. मला हॉस्पिटलात ठेवले होते. प्लॅनर मी मानसीच्या हातात दिला. ती नीटनेटकी मुलगी आहे. तिने तो कागद चिकटवलेला, फुगलेला प्रकार बघितला आणि सगळे निलेशने दिलेल्या नव्या प्लॅनरमध्ये सुंदर अक्षरात उतरवून काढले. औषधांना हिरवी पट्टी, बिलांना पिवळी. भावजींची चित्रे, चौकोन, बाण तिने गाळले. तिला वाटले, मी उगाच गिरगटले आहे. भावजींनी सकाळी विचारले, आज काय आसा? तिने कौतुकाने नवे पान दाखवले. त्यावर गोळी नव्हती, म्हणून त्यांनी गोळी घेतली नाही. गोळ्या खणात भरलेल्या होत्या. चष्माही नव्हता आणि परतीचा बाणही नव्हता, म्हणून ते दाराशी जाऊन बसले, पूर्वीसारखेच. दुसऱ्या दिवशी तिथेच फिट आली. हनुवटी फुटली, टाके पडले.

निलेश हॉस्पिटलात माझ्या खाटेशी येऊन म्हणाला, "आई, रिमाइंडर लावला होता गं मी. वाजला पण होता. मी अंधेरीला मीटिंगमध्ये होतो."

"वाजला ना? मग केलंस काय?"

"बंद केला," म्हणाला. निदान खोटे बोलला नाही. मला इतका राग आला होता की नर्सने येऊन माझा रक्तदाब पुन्हा मोजला.

मी घरी आले त्या संध्याकाळी मानसी जुना प्लॅनर घेऊन माझ्यापुढे बसली. रडली नाही, सबबी सांगितल्या नाहीत. "आई, चष्मा कसा काढायचा ते दाखवा," एवढेच म्हणाली. तिचा पहिला चष्मा सायकलीसारखा आला. भावजींनी तो उलटा-सुलटा करून बघितला आणि हसले. तेव्हापासून डावे पान एक दिवस ती काढते, एक दिवस मी.

म्हणून माझी स्टीलची पट्टी, पंच, मोठी कात्री, दोरी, लाल पेन्सिलींचा डबा आणि चालू प्लॅनर मी मानसीला देते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तीच करेल. निलेशने याचे वाईट वाटून घ्यावे. थोडे वाईट वाटलेले बरे असते.

८. माझ्यामागचा दिवस. परवा मी माझ्या झडपेच्या ऑपरेशनचा विषय काढला, तेव्हा निलेश हळूच म्हणाला, "काकाला आत्ता काही नको सांगूया. वेळ आली की बघू." हुबेहूब बापाचा आवाज. त्याच दिवशी मी वकिलांचा मसुदा बाजूला ठेवला आणि हे कागद काढले.

तर मी गेले की त्या दिवशीचे भावजींचे पान कोणी काढत बसू नये. ते मी काढून ठेवले आहे. प्लॅनरच्या मागच्या कव्हरला लग्नपत्रिकेच्या पाकिटाचा खिसा चिकटवला आहे, त्यात घडी न घालता ठेवले आहे. त्यावर तारीख नाही. आधी गोळी, पुढे चौकोन. मग चहा, पुढे चौकोन. ही दोन झाल्याशिवाय पुढचे दाखवू नये, कारण पुढचे पाहिल्यावर ते गोळी घेणार नाहीत.

तिसरा माझा चष्मा आहे. त्यापासून दाराकडे जाणारा बाण आहे. परतीचा बाण नाही. मी विसरलेले नाही.

ते बोट ठेवून विचारतील. तेव्हा निलेशने, मानसीने नव्हे, त्यांचा हात हातात घेऊन सांगायचे की वहिनी मेली. गावाला गेली, देवाघरी गेली, झोपली, असले काहीही म्हणायचे नाही. मग त्यांना मला बघू द्यायचे, हात लावू द्यायचा. ते कितीही वेळ बसले तरी उठवायचे नाही. न्यायची घाई असलेल्यांनी खाली जाऊन उभे राहावे. या कामाला एकदाही "पुढे" मिळणार नाही.

चष्म्यापुढेही चौकोन आहे. त्यात खूण भावजी करतील, त्यांना वाटेल तेव्हा. त्या दिवशी, महिन्याने, कधीही. लाल पेन्सिल त्यांच्याजवळ असू द्यावी. परतीचा बाण मात्र कोणी दयेपोटीसुद्धा काढू नये. पानावर असेल तर ते खरे मानतील आणि दाराशी जाऊन बसतील.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील दोघांसमोर त्यावर सही केली. दोघांनीही माझ्यासमोर सह्या केल्या. चंदूभावजींचा यात हक्क असल्याने त्यांना साक्षीदार घेतलेले नाही, पण ते शेजारी बसून होते आणि आजच्या पानावर कागदाचे चित्र होते, त्यापुढच्या चौकोनात त्यांनी खूण केली आहे.

सही: रत्नप्रभा जयवंत तेरसे

साक्षीदार:
१) डॉ. नेत्रा शिरोडकर, मुलुंड पूर्व
२) श्री. सुयोग राणे, सचिव, पारिजात सोसायटी

ठिकाण: मुलुंड पूर्व, मुंबई
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार