मांडवात दोन मनुबाई

१८ नोव्हेंबर, मंगळवार

माझ्या हाताखालच्या सुदेशने पुन्हा घाण केली. काल कोपर गावात साखरपुड्याला आमचे स्पीकर होते. जेवणाच्या वेळी एकच गाणं आत आणि बाहेर, एवढंच काम. ह्या पठ्ठ्याने लॅपटॉपला दोन स्वस्त साउंड कार्डं लावली — एक आतल्या स्पीकरला, एक बाहेरच्या. तासाभरात बाहेरचं गाणं आतल्याच्या पुढे. दारात उभं राहिलं की तोच शब्द दोनदा.

"काका, इको इफेक्ट आहे."

इफेक्ट म्हणे. दोन कार्डांची दोन घड्याळं, ती बरोबर चालतील कशी? कोर्सचं सर्टिफिकेट आहे त्याच्याकडे, लॅमिनेट केलेलं. मी वागळे इस्टेटला रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंग करत शिकलो. बोटं भाजली, लॅमिनेट करण्यासारखं काही मिळालं नाही. पण कान मिळाले.

२० नोव्हेंबर

धनेश आलेला कल्याणच्या दुकानात. त्याच्या पोरीचं, जागृतीचं लग्न तीस तारखेला, घरच्या मांडवात. हा गावचा जमीनवाला, मनगटात सोनं, डोक्यात भुसा. बाहेर मैदानात पाहुण्यांना डीजे, मांडवात धवला, म्हणजे आमचं आगरी लग्नाचं गाणं, दोन्ही एकाच वेळी. ते होईल. पुढे म्हणतो, "धवला यूट्यूबवरचा लाव. मनुबाईचा आवाज फाटलाय. ठाण्याचे पाहुणे हसतील." मनुबाई आमची धवलारीण, गावच्या लग्नांत धवले तीच गाते.

आणि जागृतीने घरात सांगून ठेवलंय — मनुआजी गायली नाही तर मी मांडवात पाय ठेवणार नाही. धवलारणीशिवाय आगऱ्याचं लग्न लागतं का, हे पोरीला कळतं, बापाला नाही.

२१ नोव्हेंबर

खडवलीला जाऊन मनुबाईचं गाणं ऐकलं. धनेश खोटं बोलत नव्हता, ह्याचाच राग आला. वरच्या सुराला नुसता वारा. आमच्या आख्ख्या गावाची लग्नं लावली हिने.

"मांडवान ऐकू जाईल ना रं, परशा?"

"जाईल."

"धनेशचे तोंडावरना समजतंय मना. तो नको बोलतंय ना?"

"तो काय बोलणार? मशीन माझी."

२३ नोव्हेंबर

माझ्या लग्नाची कॅसेट सापडली! सत्तावीस वर्षांपूर्वीची मनुबाई, तीन धवले. आवाज असा की पहिला धवला दोनदा ऐकला. कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली.

बेत असा. माझं कार्ड आठ आउटपुटचं, एकच घड्याळ. एक-दोनवर बाहेरचा डीजे. तीन-चारवर मांडव — तिथे कॅसेटमधली मनुबाई. पाचवर एक छोटा स्पीकर, मनुबाईच्या मांडीशी. तिचा माइक फक्त त्या पाचला. ती गाईल, तिला तिचंच ऐकू येईल. मांडवाला जुनी मनुबाई. ती खूश, धनेश गप्प, पोरगी मांडवात.

पहिल्या दोन धवल्यांतली आमच्या नावांची कडवी कापली. नवरा-नवरीची नावं येतात, एवढं मलाही कळतं. तिसरा मला पाठ आहे, त्यात नावं नाहीत. तो ऐकत बसलो नाही.

शालूला सांगितलं. बायकोच ती.

"तिला कळलं तर?"

"नाही कळणार."

"तुम्हाला बरं माहीत असतं, कोणाला काय कळणार ते."

२९ नोव्हेंबर

जोडणी केली. सुदेश मदतीला, म्हणजे मध्ये मध्ये. "काका, आजींचा माइक मांडवात येतच नाहीये. राउटिंग चुकलंय तुमचं." आयुष्यात पहिल्यांदा ह्याला काहीतरी बरोबर ऐकू आलं, आणि तेही नको तेव्हा. म्हटलं, तू बाहेरचा डीजे बघ.

३० नोव्हेंबर, रविवार

पहिला धवला झकास. मांडवातल्या म्हाताऱ्या माना हलवायला लागल्या. धनेश लांबून मला अंगठा दाखवतोय, जसं काही त्याचीच अक्कल. दुसराही झकास. फक्त स्क्रीनवर मनुबाईच्या माइकची पट्टी हलेना. वाटलं, म्हातारी दमली, नुसते ओठ हलवतेय. दमू दे, मांडवात तर गातेच आहे.

तिसरा. अर्धा झाला, आणि भोंग्यासारख्या माझ्या स्पीकरांतून, सगळ्या गावासमोर, नवरीच्या जागी — शालू. नवऱ्याच्या जागी — परशुराम.

पाठ आहे म्हणे!

मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. शालू दुसऱ्या रांगेत, पदर तोंडाला. जागृती हळदीच्या हातांनी तशीच बसलेली. पाठीमागून कोणीतरी हसलं. माझा हात पट्टीवर जाईपर्यंत मनुबाई उठली. माइक बाजूला ठेवला. जागृतीचं नाव घेतलं, मग तिच्या आईचं, आजीचं, पणजीचं — जी मलाही ठाऊक नाहीत अशी नावं. आवाज फाटलेला, वरचा सूर गेलेला. पण पाठच्या बायकांनी तो झेलला आणि वर नेला. मी तीन-चार बंद केले. सुदेशने, न सांगता, बाहेरचा डीजेही बंद केला. तेवढं मी त्याच्या नावावर लिहितो.

धवला तसाच संपला, स्पीकरशिवाय. मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत ऐकू आला. धनेश — हसं होईल म्हणणारा — रुमाल शोधत होता.

मी वायरींकडे बघत बसलो. मनुबाई वायरी ओलांडून पंगतीत जाऊन बसली. जेवून खडवलीला गेली.

१ डिसेंबर

सकाळी शालूने एक रुमाल दिला. मनुबाईने जाताना तिच्याकडे ठेवलेला. आत छोट्या स्पीकरची वायर, नीट गुंडाळलेली. पहिल्या धवल्यातच काढली म्हणे, आणि मग गायची थांबून ऐकत बसली.

निरोपही आहे: "पेटीनली पोर बरी गातंय, परशा. तरणी हाय, बिचारी. पन मांडवान यायचे आदी नावां इचारून घ्यायची, येवढा तिला शिकव."