डावं पेडल

प्रिय ताई,

पाकीट बघून तुझ्या काळजात धस्स होणार, माहीत आहे. हाताशी फोन असताना पत्र लिहिणाऱ्यांतला मी नव्हे. पण फोनवर तू मध्येच "पाय कसा आहे रे?" विचारतेस आणि मी "मजेत" म्हणून मोकळा होतो. कागदावर ते जमत नाही.

आज दुपारी वाचनालयाच्या सभागृहात आमच्या मंडळाचा कार्यक्रम झाला. मंडळ कसलं, हौशी माणसांची मोट! गायला शाळेतल्या बाई, व्हायोलिनवर औषधांच्या दुकानातला लांबट्या, आणि पायपेटीवर आठवडाभर चष्म्यांच्या काचा घासणारा मी. पायपेटी आपलीच, बाबांची. लहानपणी माझे पाय तिच्या पेडलांपर्यंत पोचायचे नाहीत, म्हणून तू खाली फरशीवर बसून दोन्ही हातांनी पेडलं दाबायचीस. वर मी सूर छेडून पाहुण्यांची शाबासकी घ्यायचो आणि तू खालून ओरडायचीस, "आवर लवकर, माझे हात भरून आले!" तेव्हा मला ठेंगू म्हणायला लागलीस ते आजतागायत.

सहा महिने झाले, डावा तळवा जळतो. रात्री पांघरुणाचाही भार सोसत नाही. मधुमेहाच्या गोळ्या मी घेतो, म्हणजे आठवल्या तर घेतो. तपासणीला जा म्हणून लांबट्या कानीकपाळी ओरडतोय; पण दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो की मला बाबांची रिकामी चप्पल दिसते आणि मी माघारी फिरतो. तुझ्या भावजयीला सांगितलंय की दिवसभर उभं राहून पाय दुखतो. आज सकाळी बूट चढेना, तर बुटालाच नावं ठेवली.

गेल्या आठवड्यापासून डावं पाऊल पेडलवरून घसरायला लागलं होतं. म्हणून काल मी स्वतः पेडलवर रबराची पट्टी बारीक खिळ्यांनी ठोकून बसवली. स्वतःच्या अकलेवर भलताच खूश होतो. तरी आज पहिल्या भागात हालच झाले. प्रत्येक दाबाला कळ गुडघ्यापर्यंत जायची. मग मी चोरून एकट्या उजव्या पायावर वारा भरायला लागलो, तर तो पुरेना, सूर बसायला लागला. बाईंनी दोनदा वळून बघितलं. समोर शंभरेक माणसं, आणि माझ्या मनात एकच, की आज मी यांचं गाणं बुडवणार.

मध्यंतरात कंटाळून बूट काढले आणि नुसत्या मोज्यांवर बसलो. काय सांगू ताई, पाचेक मिनिटांत दुखणं थांबलं! कळ नाही, आग नाही. दोन्ही पाय सारखे चालायला लागले. असा मी आयुष्यात वाजवलेला नाही. बाईंचं शेवटचं गाणं लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं. मला वाटलं, आता ताईला फोन करावा, औषध सापडलं म्हणावं.

सामान आवरताना लांबट्या पेडलं बंद करायला वाकला तो वाकलेलाच राहिला. पट्टीचा एक खिळा वर आला होता आणि रबर लाल झालं होतं. पाऊण तास तो खिळा माझ्या तळव्यात जात होता आणि मला पत्ता नव्हता. लांबट्या एरवी मयताच्या घरीही विनोद करेल असा माणूस. आज त्याने थट्टा बाजूला ठेवून मला खुर्चीत बसवलं, मोजा काढला, जखम धुऊन बांधली. मग म्हणाला, डोळे मीट, अंगठ्याला टाचणी लावतो, टोचली की सांग. मी मिटून बसलो. बराच वेळ गेला तेव्हा म्हटलं, अरे, टोच की आता. तो म्हणाला, तीनदा टोचली.

बाबा ज्या सकाळी "आज अजिबात दुखत नाही" म्हणाले, ती सकाळ तुला आठवतच असेल. आपण दोघं घरभर नाचलो होतो. आई शेजारी सांगून आली होती. पंधरा दिवसांत त्यांचा पाय कापावा लागला. ताई, मला फार भीती वाटते. इतके महिने दुखत होतं तेव्हा वाटली नाही एवढी आता वाटते. उद्या अकराला मोठ्या दवाखान्यात दाखवायचंय. लांबट्याचं घर तुझ्या घराच्या पुढच्याच वळणावर, म्हणून हे पत्र तोच आणून देईल. भावजयीला मी आता, पाकीट बंद केल्यावर, सगळं सांगणार आहे. ती येईलच. पण बाबांच्या वेळी दवाखान्यातल्या बाकावर माझा हात धरून तू बसली होतीस, उद्याही बस. डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत. पाय राहिला तर ठीकच. नाहीतर पेडल दाबायला तुला पुन्हा खाली बसावं लागेल, आणि या वेळी मी लवकर आवरेन.

तुझाच,
ठेंगू